दुप्पट विसार देऊन सुटता येतं का?

वाशीत राहणाऱ्या ५६ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून सेक्टर आणि काही तपशील गाळले आहेत. त्यांच्या पतींनी नव्वदच्या दशकात सिडकोच्या इमारतीत २८० चौरस फुटांचा गाळा घेतला आणि तिथे झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान चालवलं. पाच वर्षांपूर्वी ते गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. दीड वर्षापूर्वी हा गाळा शेजारच्या भांडीवाल्या दुकानदाराला ९५ लाखांना द्यायचं ठरलं. ११ लाखांचा चेक घेतला आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर विसार पावती झाली. लिहून देणार म्हणून सही एकट्या यांची, मुलाची सही साक्षीदार म्हणून. सिडकोत वारसांची नावं लागली की त्यानंतर सहा महिन्यांत खरेदीखत, अशी अट. नावं लावायचा अर्ज आजवर झालेला नाही. मधल्या दिवाळीत दुकानदाराने माल ठेवायला जागा मागितली, म्हणून यांनी गाळ्याची किल्लीही दिली.

आता दातांच्या दवाखान्यासाठी कुणीतरी १ कोटी ४० लाख द्यायला तयार आहे. मुलगा म्हणतो, पावती रजिस्टर नाही, सिडकोची परवानगी नाही, तेव्हा विसाराचे दुप्पट पैसे तोंडावर मारू आणि कुलूप बदलू. एवढ्यात दुकानदाराच्या वकिलाची नोटीस आली: १५ दिवसांत व्यवहार पूर्ण करा, नाहीतर दावा लावू. बाई विचारतात, 'ज्यांना पंचवीस वर्षं दादा म्हटलं त्यांनी नोटीस पाठवावी? आणि मी आता नाही म्हटलं तर मी लबाड ठरते का?'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते कंसात, जाता जाता लिहिलं आहे: 'भाव मुलानेच ठरवला होता, मी फक्त सही केली.' त्याच्याकडे मी परत येणार आहे. आधी मुलाचं म्हणणं तपासू. तो तुम्हाला जे सांगतो आहे तेच ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर नोटरीच्या टेबलाशी उभं राहिलं की दिवसातून चारदा ऐकू येतं, आणि त्यात प्रत्येक वेळी थोडं तथ्य असतं. म्हणून ते जास्त धोक्याचं.

नोंदणी नसलेल्या कागदाने मालकी बदलत नाही, हे त्याचं बरोबर आहे. रजिस्टर साठेखतानेही, म्हणजे पुढे विकण्याच्या कराराने, ती बदलत नाही, खरेदीखतानेच बदलते. पण तुमचे शेजारी मालकी सांगतच नाहीयेत. त्यांचं म्हणणं एवढंच आहे की विकायचं कबूल केलंत, आता विका. अशा दाव्यात नोंदणी न झालेला करारही पुरावा म्हणून चालतो, ही सवलत नोंदणी कायद्याच्या कलम ४९ मध्येच दिलेली आहे. वरती 'विसार पावती' लिहिलं म्हणून तो कागद हलका होत नाही. कुठला गाळा, किती किंमत, किती दिले, किती राहिले, खरेदीखत केव्हा, हे सगळं तुमच्या पावतीत आहे.

स्टॅम्पचं मात्र खरंच त्रांगडं आहे. ज्या करारात ताबा दिलेला किंवा द्यायचा ठरलेला असतो, त्यावर महाराष्ट्रात खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. ५०० रुपयांच्या कागदावर ते भरलेलं असणं शक्य नाही. कोर्टापुढे आला की तो कागद अडवला जाईल. राहिलेलं शुल्क आणि त्यावर महिन्याला २ टक्के दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात घेतला जाणार नाही. हा भुर्दंड दुकानदारांना बसेल आणि तो लहान नसेल. पण त्यांनी तो भरला, की स्टॅम्पची हरकत तिथेच संपते. तुमचा मुलगा ज्याला रद्दी म्हणतो आहे तो कागद पैसे भरून उभा करता येतो.

सिडकोच्या परवानगीचं पाहू. नवी मुंबईतली ही जमीन सिडकोची, आपल्याकडे ती मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने आलेली. हस्तांतरण करायचं तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क आलंच. मात्र परवानगी घेतलेली नाही म्हणजे करारच बेकायदा, असं होत नाही. दिल्लीतल्या भाडेपट्ट्यावरच्या एका मिळकतीत विकणाऱ्या बाईंनी परवानगीसाठी अर्ज केला आणि नंतर स्वतःच मागे घेतला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने साठच्या दशकातच सांगून ठेवलं की परवानगीसाठी अर्ज करणं हे विकणाऱ्याचं काम आहे आणि कोर्ट त्याला ते करायला लावू शकतं. तुमच्याकडे तर पहिली पायरी, म्हणजे वारसांची नावं लावणं, हीच झालेली नाही. ती का झाली नाही? तुम्हीच लिहिलं आहे, मुलगा कागदांवर सही करायला पुण्याहून आलाच नाही. दीड वर्ष. आपणच अडवून धरलेलं काम 'ते झालेलंच नाही' म्हणून बचावाला वापरणं न्यायाधीशांच्या गळी उतरवणं फार अवघड असतं.

दुप्पट विसाराची समजूत इतकी खोल रुजली आहे की शिकलेली माणसंही कायद्यासारखी ती सांगतात. असा कायदा नाही. करारात तसं लिहिलं असेल तर त्याचा विचार होतो. तुमच्या पावतीत ते नाही. आणि लिहिलेलं असलं तरी नुकसानभरपाईचा आकडा ठरला म्हणून करार पुरा करून मागण्याचा हक्क आपोआप जात नाही. १ ऑक्टोबर २०१८ पासून तर चित्र आणखी बदललं. पूर्वी करार पुरा करायला लावायचा की पैशांवर भागवायचं, हे बरंचसं न्यायाधीशांच्या विवेकावर असायचं. 'भाव वाढले, आता अन्याय होतो' म्हणायला जागा होती. कायद्यातल्या दुरुस्तीने ती जागा फार आकसली. घेणाऱ्याला मात्र आपण पहिल्यापासून तयार होतो, पैशांची सोय होती, हे सिद्ध करावं लागतं. त्यांनी बँकेकडून कर्ज मंजूर करून घेतल्याचं पत्र नोटिशीला जोडलं आहे आणि 'सिडकोचं कुठवर आलं' असे दोन मेसेज तुम्हाला पाठवले आहेत. म्हणजे ही तयारी त्यांनी करून ठेवली आहे.

कुलूप बदलू नका. बाकीचं सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. किल्ली तुम्ही स्वखुशीने दिली, आत त्यांच्या कुकरचे खोके आहेत. ताबा कायद्याच्या मार्गाने घेतला नाही तर, मालकी कुणाची हा प्रश्न बाजूला ठेवून, सहा महिन्यांच्या आत नुसता ताबा परत मिळवण्याचा दावा लावता येतो. त्यात तुम्ही मालक आहात हा बचाव चालत नाही. वर पोलीस ठाण्यात माल चोरल्याची तक्रार येणार. आज तुम्ही फार तर उशीर केलेल्या विक्रेत्या आहात. कुलूप तोडलंत की गोष्टीचा रंगच पालटेल.

'गप्प बसू, तीन वर्षं गेली की दावाच बुडेल' हाही सल्ला कुणीतरी दिल्याचं तुम्ही लिहिलं आहे. मुदत तीन वर्षांची आहे, खरं. पण करारात पक्की तारीख असेल तर ती तारखेपासून धरतात. तुमच्या अटीत तारीख नाही, 'नावं लागल्यावर' आहे. अशा वेळी तुम्ही नकार दिल्याचं त्यांना कळलं तिथून तीन वर्षं मोजतात, असा युक्तिवाद ते करणार, आणि तो भक्कम आहे. तुम्ही अजून नकारच दिलेला नाही. म्हणजे त्यांच्या हिशोबाने घड्याळ सुरूच झालेलं नाही.

आता तुमच्या बाजूचं. ते आहे, आणि तुमचा मुलगा नेमका त्याबद्दल बोलत नाही. मृत्युपत्र नसताना पतीची स्वतःची मिळकत पत्नी आणि मुलांत समान वाटली जाते. सिडकोच्या दप्तरात नाव कुणाचं लागणार यावर ते ठरत नाही. म्हणजे गाळ्यात तुमचा हिस्सा एक तृतीयांश. एक विचारते: पाच वर्षांपूर्वी सासूबाई हयात होत्या का? हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृताची आईही पहिल्या वर्गातली वारस आहे. त्या तेव्हा असतील तर हिस्से चार होतात. आणि त्या नंतर गेल्या असतील तर त्यांचा चौथा हिस्सा तुमच्या दिरा-नणंदांकडेही झिरपतो. हे लोक हमखास विसरतात, आणि खरेदीदाराचा वकील शोध घेताना नेमकं तेच काढतो.

तेव्हा तुमच्या एकटीच्या सहीने मुलांचा हिस्सा विकला गेला, असं म्हणता येणार नाही. साक्षीदाराची सही म्हणजे संमती नव्हे, हेही कोर्टं फार पूर्वीपासून मानत आली आहेत. पण तुमच्या कंसातलं वाक्य इथे आड येतं. ज्या मुलाने फोनवर घासाघीस करून ९० चे ९५ केले, 'काका, फायनल' असा मेसेज टाकला आणि मग साक्षीदार म्हणून सही केली, तो कोर्टात उभा राहून 'मला यातलं काही माहीत नव्हतं' म्हणणार आहे का? उलटतपासणीत हे मेसेज वाचून दाखवले जातील तेव्हा पुढच्या बाकावर तुम्ही बसलेल्या असाल. हे त्याच्याशी आत्ताच बोला, वकिलाच्या ऑफिसात नको, घरी.

आणि समजा, त्याचा हिस्सा वाचला, मुलीचाही वाचला. तरी दुकानदार काही अटींवर फक्त तुमचा हिस्सा मागू शकतात. मिळाला तर शेजारचा माणूस तुमच्या मुलांचा सहमालक होईल आणि पुढे वाटपाचा दावा लावील. २८० चौरस फुटांचं वाटप काय करणार?

थोडा आकड्यांचा हिशोब करू. नव्या आणि जुन्या भावात फरक ४५ लाखांचा. तीन वारस धरले तर तुमच्या वाट्याला त्यातले १५. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर धरला तर उरले १३ लाखांच्या आसपास. त्यातून वकिलाची फी, तारखा, आणि दावा चालेल तितकी वर्षं गाळ्याचं भाडं नाही की विक्री नाही. या १३ लाखांसाठी लढाई तुमच्या नावाने होणार, कारण सही तुमची आहे. उरलेल्या ३० लाखांचे मालक पुण्याला आणि नाशिकला. मुलं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मुलीने तर 'आई म्हणेल ते' असंच सांगितलं आहे. पण जोखीम कुणाची आणि फायदा कुणाचा, हे कागदावर मांडून एकदा तिघांनी बघा.

शिवाय ते १ कोटी ४० लाख हातात येतील, हे तरी कशावरून? दवाखान्याचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल आणि शेजारी त्याच दिवशी हरकत पाठवतील. नोटीस दिली नाही तरी गाळा बघायला आलेल्या माणसाला आतले कुकर दिसतीलच. आधीच्या कराराची माहिती असून जो विकत घेतो त्याच्यावरही तो करार बांधला जातो, आणि दावा लागल्यानंतर केलेली विक्री दाव्याच्या निकालाच्या अधीन राहते. एवढं माहीत असून पैसे ओतणारा दंतवैद्य मी तरी पाहिलेला नाही.

दादांबद्दल. त्यांची नोटीस तुम्हाला जिव्हारी लागली आहे, ते समजतं. पण दीड वर्षात त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तुम्ही 'बघते' म्हणालात. ११ लाख अडकलेला माणूस याहून किती थांबणार? तुम्हीच लिहिलंय की त्या वेळी एजंटानेही ९० लाख ते १ कोटी असाच भाव सांगितला होता. म्हणजे त्यांनी तुम्हाला फसवलेलं नाही. भाव नंतर वाढला. तसा तो उतरलाही असता, आणि तेव्हा त्यांनी माघार घेतली असती तर तुम्ही विसार परत दिला असता का? मात्र त्यांना सरसकट साधूही ठरवू नका. वारस तीन आहेत हे शेजाऱ्याला माहीत नव्हतं हे कुणाला पटेल? तरी त्यांनी एका सहीवर भागवलं, स्टॅम्प वाचवला आणि वर किल्लीही घेतली. भावासारखं नातं दोघांनीही जरा सोयीने वापरलं.

लबाड ठरता का, याचं उत्तर: अजून नाही. अर्ज न करता ताटकळत ठेवलं हे चुकलं. पण नवी मागणी आल्यावर मोह पडला आणि तो लिहून विचारलात, यात लबाडी नाही. मुलाने लिहून ठेवलेला २२ लाखांचा चेक कुरिअरने पाठवून दिलात, तर मात्र तो तुमचा लेखी नकार ठरेल, आणि त्यांच्या दाव्यात तोच पहिला पुरावा असेल.

मी तुमच्या जागी असते तर विकलं असतं, पण जुन्या आकड्याला चिकटून नाही. दुकानदारांना तडजोडीची गरज तुमच्याइतकीच आहे, कारण मुलांच्या सह्या नसतील तर त्यांच्या हाती फार तर तिसरा हिस्सा येतो, तोही स्टॅम्पचा दंड भरून आणि काही वर्षांनी. उलट तिन्ही वारस आनंदाने सह्या करणार असतील तर ९५ च्या वर काही लाख देणं त्यांना परवडतं. १०५? ११०? ते टेबलावर ठरेल. सिडकोचं शुल्क कुणी किती भरायचं तेही तिथेच. ठरलं तर या वेळी तिघांच्या सह्यांचं, पूर्ण स्टॅम्पचं, रजिस्टर साठेखत करा. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने ते १ टक्का टीडीएस कापतील, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. तुम्हाला विकायचंच नसेल तर सुटायचा रस्ताही वाटाघाटीतूनच जातो. पण मग नुसतं व्याज देऊन भागणार नाही. ११ लाखांवर वर्षाला ९ टक्क्यांनी दीड वर्षाचे जेमतेम दीड लाख होतात, ते ऐकून ते हसतील. वाढलेल्या भावातला काही भाग द्यायची तयारी ठेवा, आणि रद्दलेख, पैशांची पोच, किल्ली परत, माल उचलल्याची सही, हे सगळं एकाच दिवशी करा.

बसायचं कुठे, तर त्याची सोय कायद्यातच आहे. व्यापारासाठी वापरात असलेल्या जागेचा ३ लाखांवरचा वाद बहुतेकदा व्यावसायिक न्यायालयाच्या कक्षेत येतो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे पक्कं केलं. तिथे झालेला समझोता लवादाच्या निवाड्याइतका बंधनकारक असतो. दुकानदार मनाई हुकूम मागून हा टप्पा टाळू शकतात, म्हणून त्यांच्या दाव्याची वाट बघू नका. नोटिशीच्या उत्तरातच मध्यस्थीची तयारी लिहा. उत्तर वकिलामार्फत, मुदतीत, थोडक्यात, आणि 'आमच्या हक्कांना बाधा न येता' असं लिहून. त्यात नकारही नको आणि नुसता होकारही नको. तोवर दादांशी बोलायचं तर बोला, पण व्हॉट्सअ‍ॅपवर रकमा लिहू नका. मुलालाही सांगा.

घरातल्या कर्त्यामागे राहिलेला गाळा विकायला काढणाऱ्या इतर वाचकांसाठी एवढंच: आधी नावं लावा, मग गिऱ्हाईक शोधा. उलट क्रमाने केलेल्या व्यवहारांवर कोर्टातले कितीतरी वकील पोट भरतात, मीही भरलं. परवानगी मिळाली नाही तर विसाराचं काय, उशीर झाला तर काय, हे पावतीतच लिहून घ्या. आणि मालासाठी, चार दिवसांसाठी, सणापुरती, कशासाठीही किल्ली देऊ नका. द्यायचीच झाली तर वेगळं परवानगीपत्र करून द्या.

ताई, वकिलाच्या फीची काळजी तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलेला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ठाण्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. जाताना विसार पावती, नोटीस पाकिटासकट (त्यावरच्या तारखेला महत्त्व आहे), पतींचा सिडकोबरोबरचा करार, मृत्यूचा दाखला, चेक जमा झाल्याची नोंद असलेलं पासबुक आणि सासूबाई गेल्या असतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखला न्या. मेसेज मोबाइलमध्ये आहेत तसे ठेवा, एकही पुसू नका. मुलाचा तो 'फायनल' असलेलासुद्धा.